शेवंतीच्या कळ्या

जुने शहर, अकोला
पौष वद्य पंचमी, शके १८५४

तीर्थरूप बाईस, धाकट्या नत्थूचं पायांवर डोकं.

मी बरा आहे. जेवतो, झोपतो. आमची लेक जमुना शेजारच्या माणिकबाईंकडे भाकरी थापायला शिकून राहिली आहे. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या भावजयीच्या तेरवीला येता आलं नाही म्हणून जिवाला लावून घेऊ नको. सुटलीस!

बायका दारात गळा काढायच्या आणि आत बसल्या की चहात साखर कमी म्हणायच्या. दहाव्यालाच गल्लीतले केशवराव म्हणाले, "नत्थू, परतवाड्याले एक पोरगी हाय. कामाले वाघ!" हिचं लुगडं अजून दोरीवर होतं, बाई.

वर सगळे माझं कौतुक करतात. चार महिने बायको अंथरुणावर, पण गड्याची फुलं एक दिवस चुकली नाहीत. खरं आहे. काढा, पथ्य, तोडणी, बाजार, सगळं वेळेवर. आता सदऱ्याची बटणं वरखाली लागतात. परवा शेवंतीचा अख्खा वाफा कळ्यांवरच तोडला आणि टोपली भरून बाजारात नेली. देवीदास माळी म्हणाला, "काहून बे, कळ्या तोडाले मोगरा समजला काय?"

या लोकांची मला किळस येते. पण ते निदान येऊन बसले तरी. ती रोज म्हणायची, "बसा ना जराशे." मी म्हणायचो, "तोडणी करून आलोच."

चार महिन्यांत मी एकदाही बसलो नाही, बाई. हे कोणालाच दिसलं नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
नत्थू