दोन स्क्रूंमधला आकडा

प्रिय दादा,

काल सुधानं तुझी ती डबी उघडली. म्हणून लिहितेय. तू गेल्यापासून सहा महिने हे पत्र मी मनात लिहीत होते आणि मनातच फाडत होते. आता फाडायची सोय राहिली नाही.

कोणती डबी ते सांगायला हवं का? घरापुढच्या तुझ्या दुरुस्तीच्या दुकानात, वरच्या फळीवर, लाख लावून बंद केलेली. "हिला कुणी हात लावायचा न्हाय," एवढंच तू म्हणायचास. तुझी लेक नऊ वर्षांची आहे रे, तिला असं सांगितल्यावर ती किती दिवस थांबणार! डावा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून डबी गुडघ्यांत धरून, उजव्या हातानं लाख खरवडत बसली होती. मी शाळेत शिकवून आले तेव्हा झाकण उघडून झालं होतं.

तुला ती संध्याकाळ आठवते का, असं विचारणं म्हणजे वेडेपणाच. तरी मी पहिल्यापासून सांगणार आहे. तुझी बाजू मला ठाऊक आहे. माझी तू कधी ऐकलीच नाहीस.

त्या महिन्यात तुळजापुरात स्टार्टर मिळत नव्हते. कुणी सोलापूरला गेलं तर आणणार. तुझ्याकडे उरला होता एक, आणि गल्लीत ट्यूबा सात! तू युक्ती काढलीस. ट्यूब एकदा पेटली की स्टार्टर काढून घेतला तरी ती चालू राहते. म्हणून दिवाबत्तीच्या वेळी तू घरोघर जायचास, स्टार्टर फिरवून बसवायचास, ट्यूब चार वेळा डोळे मिचकावून पेटली की काढून खिशात टाकायचास. समोरच्या काकू प्रत्येक मिचकावण्याला हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "आरं एकदाच काय ते पेट की बाबा!" तू हसत पुढच्या घरी. पण विझलेली ट्यूब स्टार्टरशिवाय पुन्हा पेटत नाही, हे सगळ्या गल्लीत तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? का नाही रे घरचा स्टार्टर त्या दिवशी जागेवर ठेवलास? हा माझा राग अजून आहे, आणि तो मी सोडणार नाही.

वहिनींना दुपारपासून कळा येत होत्या. नर्सबाईंनी तुला बाहेर काढलं. "बापाचं हितं काय काम न्हाय. जावा, गल्लीतले दिवे लावा!" तू आपल्या दोन ट्यूबा पेटवल्यास, स्टार्टर खिशात टाकलास आणि गेलास.

थंडी होती. नर्सबाई म्हणाल्या, "पोरी, बाळाची फडकी ऊन करून आण." चुलीवर तवा होता. त्याच्यावर दोन मिनिटांत झालं असतं. पण मला नर्सबाईंना तुझी विजेची भट्टी दाखवायची होती! पत्र्याच्या डब्यातून तू घडवलेली, आणि बाजूला ती डबी, जिच्यापायी सोलापूरचे इंजिनिअर साहेब दोनदा आपल्या घरी येऊन गेले होते. व्होल्टेज पडलं की डबी टक् करायची आणि भट्टी आपोआप बंद. भट्टीनं वीज ओढून ट्यूबांचा घास घेऊ नये, म्हणून केलेलं सर्किट. तू मला दहा वेळा समजावलं होतंस. मला समजलंही होतं.

भट्टी लावली. टक्. बंद. पुन्हा लावली. टक्. संध्याकाळची वेळ, सगळं गाव दिवे लावतंय, व्होल्टेज राहणार कुठून? आतून वहिनींचा आवाज चढत होता. नर्सबाई ओरडल्या, "आणतीस का न्हाय गं?" माझी सतरा वर्षांची अक्कल! बटण बंद केलं, केसातला आकडा काढला आणि डबीचं झाकण उघडून आतल्या दोन स्क्रूंमध्ये अडकवला. आता टक् व्हायची भानगडच नाही. बटण दाबलं. भट्टी चालू राहिली.

मी खूश झाले, दादा. हे लिहायला सगळ्यात जड जातंय.

फडकी आत नेऊन दिली. नर्सबाई म्हणाल्या, "डोकं आलं, आता हलू नगं." आणि त्याच वेळी दोन्ही ट्यूबा गेल्या.

काळोख. वहिनी किंचाळल्या. नर्सबाई ओरडल्या, "दिवा! दिवा आण गं! खांदा आडकलाय!" मी धावत जाऊन भट्टीचं बटण बंद केलं, आकडा ओढला. बोट भाजलं, आकडा कुठं उडाला दिसला नाही. ट्यूबा मेल्यासारख्या गप्प. कंदील? तो तू माळ्यावर टाकलेला, "आता कंदिलाचं काम न्हाय" म्हणून. शेवटी देवघरातलं निरांजन उचललं. बाळंतिणीच्या खोलीत देवाचा दिवा! पण कोण विचार करतंय? मी दारात पोचले तेव्हा नर्सबाईंनी अंधारात चाचपून सुधाला ओढून काढलं होतं. ती रडली. वहिनी वाचल्या. सुधाचा डावा हात मात्र अंगाला लटकत होता, तो कायमचाच.

तू धापा टाकत आलास. सगळ्यांचं ऐकून घेतलंस. मग डबी घेऊन मागच्या खोलीत गेलास आणि किती तरी वेळानं बाहेर आलास. वहिनींच्या उशाशी बसून म्हणालास, "माझ्या सर्किटात खोट हाय. मीच घात केला."

दुसऱ्या दिवशी माझं बोट धरून विचारलंस, "कशानं भाजलं?"

"निरांजनानं."

तू बोटाकडे पाहिलंस, माझ्या केसांकडे पाहिलंस, आणि म्हणालास, "तेल लाव." मला वाटलं, सुटले!

इंजिनिअर साहेब तुला पुण्याच्या कारखान्यात न्यायला आले तेव्हाही तू तेच सांगितलंस, खोट आहे, भरवशाचं नाही. पुन्हा सर्किट म्हणून तू हातात घेतलं नाहीस. पंखे दुरुस्त केलेस, वायरी ओढल्यास. आणि मी दाराआड उभी राहून गप्प बसले. शेवटी तुला कावीळ झाली तेव्हा तुझ्या उशाशी अकरा दिवस बसले, तेव्हाही गप्प! भित्री म्हण, आपमतलबी म्हण. मी दोन्ही होते.

काल त्या डबीत काय होतं, माहीत आहे ना तुला? माझा आकडा. दोन स्क्रूंच्या मध्ये, मी लावला होता तसाच. टोकं काळी पडलेली.

म्हणजे तुला सापडला होता. पहिल्याच रात्री! तू तो परत जागेवर बसवलास, वर लाख ओतलीस आणि माझा अपराध स्वतःच्या नावावर घेऊन इतकी वर्षं मी ताटात वाढलेलं जेवलास. का रे? एकदा थोबाडीत मारायची होतीस! दोन दिवस रडले असते आणि मोकळी झाले असते.

सुधा आकड्याकडे बघत म्हणाली, "आत्या, बाबांनी सर्किटात हे कशाला लावलं गं? ह्यानंच तर बिघडलं की सगळं." तुझ्यासारखंच चटकन कळतं तिला. वहिनी चुलीपाशी होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गडबडीत लावलं असंल त्यांनी. आता गेलेल्या माणसाला काय बोलायचं?" सुधानं डबी बाजूला ठेवली आणि आपला डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर घेतला. "पण बाबांचीच चूक ना?"

मी तोंड उघडलं, आणि मिटलं. काल पुन्हा एकदा, दादा. तू नसताना.

ते शेवटचं. आत्ता ऊन उतरलंय. थोड्या वेळानं सुधा स्टुलावर चढून बटण लावेल, ट्यूब मिचकावेल. ती पेटली की मी डबी त्या दोघींच्या मध्ये ठेवणार आहे, हे पत्र वाचून दाखवणार आहे आणि सांगणार आहे की तुझ्या सर्किटात खोट नव्हती. मग सुधानं माझ्याशी बोलणं सोडलं तरी चालेल, वहिनींनी घराबाहेर काढलं तरी चालेल. शब्द देते.

आकडा मी लावला, दादा.

तुझी,
कुसुम