दुःखासाठी तीन महिन्यांचा ब्रेक

१२ जानेवारी
जुन्नरच्या कविसंमेलनात अध्यक्ष म्हणाले, तुमच्या कवितेत सफाई आहे, जखम नाही. चहात बिस्किट बुडवत म्हणाले. निर्लज्ज माणूस. पण मुद्दा बरोबर आहे. घोडेगावात झेरॉक्सचं दुकान, घरी आईचा स्वयंपाक, इंद्रायणीशी साखरपुडा झालेला. यात जखम येणार कुठून?
प्लॅन: लग्न मोडायचं. पाडव्यापर्यंत संग्रह पूर्ण. मग परत जोडायचं. लग्न मे महिन्यातच आहे, कुणाचं काही बिघडत नाही. संग्रहाचं नाव 'रक्ताळलेला सह्याद्री'. कव्हर तयार.

१४ जानेवारी
इंद्रायणीला फोन करून लग्न मोडलं. दुसरी कुणी आहे का, तिने विचारलं. म्हटलं, नाही, कविता आहे. तात्पुरतं आहे हे मुद्दाम सांगितलं नाही, नाहीतर दुःख भेसळीचं होतं. ती "बरं" म्हणाली. फक्त बरं. रडलीसुद्धा नाही. दगड आहे.

१७ जानेवारी
तिचे वडील भगवंतमामा अंगठी परत द्यायला आले. चहा घेतला नाही. जाताना आण्णांना म्हणाले, "पोराला डाक्टरला दावा." आण्णा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, माझ्याकडे बघून म्हशीशी बोलतात. अडाणी लोकांत जन्म गेला.

२ फेब्रुवारी
दुःख अजून सुरू झालेलं नाही. आईने मासवडी केली. असल्या घरात कोण कवी होईल? संकल्प: आजपासून रात्रीचं जेवण बंद.
रात्री १०. जेवलो. आईने मुद्दाम रस्सा गरम केला.

२० फेब्रुवारी
एक ओळ झाली: 'तू गेलीस आणि'. पुढचं सुचत होतं, तेवढ्यात एकजण सातबाऱ्याच्या झेरॉक्स मागायला आला. त्याला हाकलून दिलं. पुढचं तरीही आलं नाही. गिऱ्हाईक म्हणजे साहित्याचा शत्रू.

९ मार्च
रामनाथ सांगत आला, इंद्रायणीचं जुन्नरच्या सुभाषशी जमलं. सांगताना दात दिसत होते त्याचे. असला मित्र असण्यापेक्षा कुत्रं पाळावं. मला जळवायला केलंय तिने, एवढं मला कळतं. मेसेज टाकला. एकच टिक. तिच्या गावाला, घाटघरला, रेंज नसते.

३० मार्च, पाडवा
संग्रह थोडा राहिलाय (कविता). पण शब्द म्हणजे शब्द, म्हणून ब्रेक संपला हे सांगायला घाटघरला गेलो. तिची आई कुशाबाई दारात उभी. मला चांगली ओळखते, तरी म्हणाली, "कोण पावणं?" पाणीसुद्धा विचारलं नाही. इंद्रायणी बाहेर आली. म्हणाली, "झाली का कविता?" म्हटलं, अजून नाही. "मंग लिहीत बसा की," म्हणाली आणि आत गेली. आतून बायकांचं हसू ऐकू आलं.
एसटी चुकली. अर्धा रस्ता चालत आलो. राग फार आहे. रागातून उत्तम काव्य होतं.

२२ एप्रिल
तिचं लग्न झालं. तिने उखाणा घेतला, तो सगळ्यांच्या स्टेटसला आहे.
'कवीला हवं व्हतं दुःख, दिलं त्याला पोतंभर,
सुभाषरावांचं नाव घेते, हसत राहीन जन्मभर.'
अत्यंत सुमार. वृत्त नाही, प्रतिमा नाही. 'पोतंभर' हा काय काव्यातला शब्द आहे? आयुष्यात कधी एक ओळ न लिहिलेली बाई.
बारा वेळा ऐकला. दोष शोधण्यासाठी.

२५ एप्रिल
आईला उखाणा पाठ झालाय. भाकरी थापता थापता म्हणत होती, मला बघून थांबली. आण्णा जानेवारीनंतर पहिल्यांदा हसले.
दुकान उघडलं नाही. जेवलो नाही, आईने तीनदा बोलावूनही. इंद्रायणी खरंच गेली. दुपारी गोठ्यात जाऊन रडलो. असलं दुखणं असतं हे मला माहीत नव्हतं.
संध्याकाळी वही घेतली. 'तू गेलीस आणि'च्या पुढे एकच शब्द सुचतोय, पोतंभर. तोही तिचा आहे.