उंदरांच्या खोलीतलं रक्त

३ जुलै १९९३
शकूचं ऑपरेशन पद्मजाबाईंनी थांबवलं! शकू आमच्या लॅबमध्ये उंदरांचे पिंजरे धुते. नवी चाचणी करून बघायला निरोगी रक्त लागतं, आणि आमच्याकडे निरोगी म्हणजे आम्हीच — जुनी रीत. तर तिच्या रक्तात अंडाशयाच्या कॅन्सरचं प्रथिन भलतंच वर आलं. सोनोग्राफीत काही नाही, तरी सर्जन म्हणे पोट उघडून बघू. बिचारी मांजरी गावातल्या घरून रडतच आली. पद्मजाबाईंनी सर्जनला फोन लावला. "आधी मला माझी चाचणी उघडून बघू द्या."

५ जुलै
सापडलं! चाचणीतल्या अँटिबॉडी उंदरांपासून केलेल्या. शकूचा जन्म उंदरांत गेला, तिच्या रक्तात उंदरांविरुद्धच अँटिबॉडी तयार झाल्यात. त्या आमच्या अँटिबॉडींना चिकटतात, अन् यंत्राला वाटतं प्रथिनच आहे. बाईंना हे मंडईत मटार निवडताना सुचलं म्हणे. मला मंडईत फक्त भाव दिसतात.

८ जुलै
उपाय तरी किती साधा! रक्तात आधी उंदराच्या रक्तातलं साधं सीरम घालायचं. शकूच्या अँटिबॉडी त्यातच गुंतून पडतात. आकडा धपकन खाली, ऑपरेशन रद्द. शकूने पेढे आणले. काय डोकं आहे बाईंचं! तोंडावर कौतुक केलं, तर म्हणाल्या, "तुम्हाला काम कमी पडतंय वाटतं."

१२ जुलै
आता खरी परीक्षा. उंदरांच्या खोलीत वावरणाऱ्या आम्हा सगळ्यांचं, अगदी बाईंचंसुद्धा, आणि एका कॅन्सरच्या पेशंटचं रक्त. बाटल्यांवर नुसते नंबर. कुठली कुणाची, ते फक्त मला ठाऊक. मन झुकायला नको म्हणून बाईंचाच हुकूम. पेशंटची तेवढी वर राहायला हवी, बाकी सगळ्या खाली.

१३ जुलै
दोन वर राहिल्या.
बाई स्वतःवरच चिडल्या. उपाय अर्धवट आहे म्हणे, सीरम दुप्पट घाला. घातलं. तरी दोनच. जेवणाचा डबा तसाच परत आणला. बाईंकडे बघवत नाही.

१४ जुलै
बाईंनी विचारलं, दुसरी कुणाची?
"तुमची, बाई."
चष्मा काढून पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे उपाय बरोबर आहे, उल्का." आणि त्याच सर्जनला फोन लावला.