सोसायटीच्या पाण्याचं तीस दिवसांचं रीडिंग

२ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
प्रोजेक्ट सुरू. एम.टेक., जलसंपदा व्यवस्थापन, शेवटचं सेमिस्टर. विषय: वाघोलीतल्या आमच्याच सोसायटीचा पाणीवापर. रोज सकाळी सहाला मीटर वाचायचा, तीस दिवस. आजचं रीडिंग ४८,२१३. पंपवाला कोंडीराम टाकीत काठी घालून पाणी मोजत होता. अजून काठी! मीटरबद्दल काहीतरी सांगायला आला. म्हटलं, मामा, वाचता येतो मला.

३ फेब्रुवारी
उठलो ९.४०ला. अलार्म वाजलाच नाही. रूममेट तेजस म्हणतो, वाजला, अख्खा मजला उठला, तू सोडून. खराडीत आयटीत आहे, त्यामुळे टोमणे मारायला वेळ मिळतो. उद्या दोन दिवसांचं रीडिंग घेऊन निम्मं करायचं. याला इंटरपोलेशन म्हणतात.

४ फेब्रुवारी
तेच. थंडी फार आहे.

९ फेब्रुवारी
नीट विचार केला. मीटर बघून नवीन काय कळणार? माणशी १३५ लिटर, हे पुस्तकातच आहे. सोसायटीत ३१२ माणसं. म्हणजे दिवसाला ४२ हजार लिटर, मीटरची ४२ युनिट. शिकलेल्या माणसाने चार जिने कशाला उतरायचे?
संध्याकाळी बाबांचा फोन. बाबा आमच्या गावच्या नगरपालिकेत व्हॉल्व्हमन, गावाला पाणी सोडतात, मेअखेर रिटायर. निरोपाच्या भाषणात पोरगा पाण्याचा मोठा इंजिनियर झाला, असं सांगणार आहेत. कागदावर लिहूनही ठेवलंय. काम कसं चाललंय, विचारलं. म्हटलं, वेळेच्या पुढे आहे.

२२ फेब्रुवारी, दुपारी ४
पूर्ण तीस दिवसांचं रीडिंग तयार. त्यात उरलेले नऊ दिवसही आले. कुठे ३८, कुठे ४५. रविवारी ५०, लोक केस धुतात. तीन वेगवेगळी पेनं वापरली. दोन पानांवर चहा सांडला. फील्डवर्क म्हणजे कष्टाचंच काम.

५ मार्च
वही गाइडना दाखवली. नम्रता मॅडम पान उलटत राहिल्या. म्हणाल्या, वीस वर्षांत इतका देखणा डेटा पाहिला नाही. उद्या सकाळी साइट बघायला येते, म्हणाल्या. बहुधा पेपर लिहायला लावणार. तेजसला सांगितलं. तो म्हणाला, फोटोसाठी तरी अंघोळ कर.

६ मार्च
सहाला मॅडम हजर. माझ्या वहीतलं शेवटचं रीडिंग ४९,४३८. मीटरवर ४८,२१३.
मी म्हटलं, इन्स्ट्रुमेंट एरर असू शकते. कोंडीराम म्हणाला, मीटर दिवाळीपासून बंद हाय, या सायबांना पहिल्याच दिवशी सांगत होतो. मॅडमनी त्याला विचारलं, मग मोजता कसं? त्याने पंपाच्या खोलीतून वह्या आणल्या. सकाळ-संध्याकाळ काठीचं माप, अकरा वर्षं, एक दिवस चुकलेला नाही. बायको वारली त्या दिवशीचंही होतं. मॅडम तिथेच पायरीवर बसून तासभर वाचत होत्या. मी उभा.
जाताना म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी एकदा जरी खाली उतरला असतात, तर मीटर बंद आहे एवढं तरी खरं लिहिता आलं असतं. सेमिस्टर रिपीट. पदवी आता डिसेंबरात मिळाली तर.

८ मार्च, रविवार
दोन दिवस शब्द जुळवून बाबांना फोन केला. आधी टेक्निकल प्रॉब्लेम सांगितला. मग पोर्टल बंद होतं असं सांगितलं. मग काय झालं कोण जाणे, सगळं खरं बोलून गेलो.
रागावतील वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, त्या पंपवाल्याचं नाव काय. सांगितलं. म्हणाले, माझा जयभीम सांग त्याला. भाषणातली ती ओळ काढतो, म्हणाले, तेवढंच लहान होईल.

९ मार्च, सकाळी ९.३०
बाबांचा जयभीम सांगायला आत्ता खाली उतरलो. कोंडीराम सहालाच माप घेऊन गेला म्हणे.