नळी टिकली तर ताईची

दिनांक १९ सप्टेंबर २०२४, गुरुवार, संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. या वेळी मी चाचणीच्या खोलीत बाकावर बसून नव्या नळीतून तिसऱ्यांदा चिंधी ओढत होतो. चिंधी पांढरीशुभ्र बाहेर आली. तरी समाधान होईना, म्हणून ती बाजूला ठेवून हे लिहायला घेतले.

मी, नेमबाजीच्या रायफलींच्या नळ्या आणि गोळ्या तपासणारा, वय सव्वीस, शिक्षण नववीपर्यंत, कारखान्यात 'चिंधी' या नावाने ओळखला जाणारा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. मी कसलीही नशा केलेली नाही. हे कोणी दमदाटी करून लिहवून घेतलेले नाही. मी घाबरलेलो आहे, परंतु ते स्वखुशीने.

कारण असे. माझी थोरली बहीण नेमबाज आहे. तिच्या रायफलीची नळी झिजली असून रविवारी तिची निवडचाचणी आहे. नवी नळी घेण्याची आमची ऐपत नाही. भंगारात टाकलेली एक कच्ची नळी मी आमच्या चाचणी विभागाच्या मिस्त्रींकडून मागून घेतली आणि चार महिने सुट्टीच्या वेळात आतून घासून गुळगुळीत केली. मिस्त्रींचा शिक्का बसल्याशिवाय ती स्पर्धेत चालणार नाही, आणि शिक्क्याआधी दोन परीक्षा आहेत. पहिलीत नेहमीपेक्षा खूप जास्त दाबाचे काडतूस नळीत उडवतात. नळी फुगली किंवा तडकली तर संपले. दुसरीत ती लोखंडी शिकंज्यात आवळून पन्नास मीटरवर दहा गोळ्या झाडतात; दहाही भोके करंगळीच्या नखाखाली झाकली गेली पाहिजेत. दोन्ही परीक्षा उद्या अकरा वाजता. जादा दाबाचे काडतूस उडवायला घोड्याला बांधलेली दोरी मी ओढणार.

दोरी भिंतीपलीकडून ओढतात, हे मला ठाऊक आहे. ताई दुपारी डबा घेऊन आली तेव्हा हेच म्हणाली.

"अरे, भिंतीआडून दोरी ओढायची आहे. रणांगणावर नाही चाललास."

"भिंत जुनी आहे."

"तुझ्यापेक्षा धड आहे. बरं, मृत्युपत्रात मला काय?"

"नळी."

"ती माझीच आहे की!"

"शिक्का बसेपर्यंत माझी."

"मग बसव की शिक्का! मेल्यावर काय बसवणार?" असे म्हणून ती रिकामा डबा परत न्यायचा विसरून गेली. म्हणजे तीही घाबरलेली आहे.

तरी माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

कलम १. घर बाबांचेच आहे. त्यातील खिडकीजवळची खाट तेवढी माझी. ती बाबांनी घ्यावी. गेली सहा वर्षे ते "मला कोपराच बरा" म्हणत आले आहेत आणि मी कामावर गेलो की खाटेवर झोपत आले आहेत. आता उघडपणे झोपावे.

कलम २. बँकेतील शिल्लक ताईच्या स्पर्धांच्या फीसाठी आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मी शाळा सोडली ती ताईची फी भरता यावी म्हणून, असे बाबा पाहुण्यांना डोळे पुसत सांगतात. ते खरे नाही. मी शाळा गणितामुळे सोडली. फी नंतर भरली.

कलम ३. हत्यारे. भिंग, घासायची सळई आणि मऊ गज ताईला. मायक्रोमीटरबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. तो मी पहिल्या पगारातून घेतला. केसाची जाडी मोजणारी ती वस्तू ताईच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, अक्रोड फोडायला वापरली. वर मला म्हणाले, "काय मजबूत आहे रे! एकाही अक्रोडाला दाद दिली नाही." दाजी मनाने चांगले आहेत. माझ्या शिलकीतून त्यांना अक्रोड फोडायचा चिमटा घेऊन द्यावा. मायक्रोमीटर त्यांच्या नजरेस पडणार नाही अशा जागी ठेवावा.

कलम ४. गोळ्या कारखान्याच्या आहेत, त्या मला देता येत नाहीत. माहिती माझी आहे, ती देतो. माणसाला जसे एखाद्या गावचे पाणी मानवते, तशी नळीला एखाद्या लॉटची गोळी मानवते. त्याच कंपनीची, त्याच आकाराची, पण दुसऱ्या दिवशी ओतलेली गोळी तीच नळी भलतीकडे फेकते. असे का, ते मोठमोठ्यांना सांगता येत नाही. या नळीचा पोत आणि माप बघता तिला निळ्या पट्टीचा लॉट मानवेल, असा माझा अंदाज आहे. ताईने तोच घ्यावा, आणि दुकानदाराने "सगळ्या सारख्याच असतात, मॅडम" म्हटले तर दुकान बदलावे.

कलम ५. कारखान्याच्या स्टोअरवाल्यास. कच्ची नळी माझ्या हातात देताना तो सर्वांसमोर म्हणाला होता, "घेऊन जा, बागेला पाणी घालायला होईल." नळी पास झाली, तर चाचणीचे कार्ड त्याच्या टेबलासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावे. नापास झाली, तर त्यास "मी म्हटलं नव्हतं?" असे म्हणण्याचा हक्क मी देतो. एकदाच.

कलम ६. मी गेलो आणि नळी वाचली, तर कोणी नळीला पांढऱ्या पायाची म्हणू नये. ती ताईची.

कलम ७. मी वाचलो आणि नळी गेली, तर ताईला लगेच सांगू नये. आधी मला सांगावे. मी सांगेन. कसे, ते अजून सुचलेले नाही.

पुरवणी. दिनांक २० सप्टेंबर, शुक्रवार, दुपारचा एक. मी हयात आहे.

दोरी ओढली. आवाज झाला. भिंत आहे तशी आहे. मिस्त्रींनी नळी मोजली आणि म्हणाले, "जराही फुगली नाही. तुझंच तोंड तेवढं फुगलंय."

मग ती शिकंज्यात आवळायला घेतली. दहा गोळ्या झाडल्या. कार्ड सरकत जवळ आले. कोणी मूठभर धान्य फेकावे तशी भोके पडली होती. ताई मागे उभी होती. ती भोके मोजू लागली. स्टोअरवाला मात्र दारातूनच ओरडला, "मी म्हटलं नव्हतं?"

मिस्त्रींनी नळीचे तोंड बोटाने चाचपले, बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिले.

"किती वेळा पुसलीस?"

"सात."

"आणि शेवटची?"

"आत्ता, दाबचाचणीनंतर. बिचारीवर एवढा प्रसंग आला म्हणून..."

"अरे गाढवा! आणि नवीन पोरांना शिकवतोस तू!"

खरेच मी शिकवतो. पुसून कोरडीठाक केलेली नळी पहिल्या काही गोळ्या वाटेल तिकडे फेकते. गोळीवरच्या वंगणाचा पातळ थर आत बसला की मग ती ताळ्यावर येते. म्हणून आधी काही गोळ्या वाया घालवायच्या असतात. हे मी शंभर जणांना सांगितले आहे. आपल्या घरची नळी म्हटल्यावर अक्कल चिंधीबरोबर बाहेर आली.

मिस्त्रींनी नवे कार्ड लावले आणि निळ्या पट्टीच्या पुढच्या दहा गोळ्या झाडल्या. कार्ड जवळ आले. त्यावर एकच भोक होते, जरा कडा कुरतडल्यासारखे. ताईने त्यावर करंगळी टेकवली. ते दिसेनासे झाले. तिने करंगळी बराच वेळ उचलली नाही. मिस्त्रींना शिक्का मारण्यासाठी तिला बाजूला सरकवावे लागले.

स्टोअरवाल्याने आपला हक्क वापरून टाकला आहे, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी. कार्ड त्याच्या टेबलासमोर लावले आहे.

सबब कलम ६ व ७ रद्द. कलम ३ मध्ये भर: माझा चिंध्यांचा डबा ताईने रविवारपर्यंत स्वतःच्या ताब्यात ठेवला आहे, तो तसाच राहू द्यावा.

साक्षीदार: मिस्त्री (सही). चहावाल्या मावशी (सही; "मला वाचून दाखव आधी" म्हणाल्या, दाखवले, दाजींच्या कलमाला दोनदा हसल्या).

लिहून देणार: चिंधी (सही). ठिकाण: चाचणीची खोली, भिंतीची सुरक्षित बाजू.

हिशोब, मावशींच्या पद्धतीने चहात. खर्च: जाड कागद व पेन, अकरा चहा. देणे: आज सगळ्यांना पाजले ते, सतरा चहा, मावशींकडे उधार. येणे: दाजींकडून मायक्रोमीटरचे नुकसान, भरून निघणार नाही.

ताई म्हणते, "आता फाडून टाक ते." फाडणार नाही. अकरा चहांचा कागद आहे, मरेपर्यंत चालेल.