वाकडीची पिलं

५ मे

चि. धाकटीस, अ. आ.

तुझ्या किनाऱ्यावरच्या गाळातली मंडळी इकडे दूर उत्तरेत सुखरूप पोचली बरं का. घरामागच्या ओल्या कुरणात वाकडीने ठाण मांडलंय. पुस्तकात तिला कोरल म्हणतात, पण एवढी लांब चोच अशी खाली वाकलेली असताना आपण दुसरं काय म्हणणार? नवरोबा दिवसभर तिच्या डोक्यावर घिरट्या मारत शीळ घालतो आणि ही ढुंकून बघत नाही. मला तुमच्या लग्नाआधीचे दिवस आठवले. हे त्यांना वाचून दाखव, हसतील.

आता दुसरी बातमी. पोटातलं दुखणं परत वर आलंय. डॉक्टरीणबाई एकदम गोड बोलायला लागल्या, तेव्हाच मी काय ते समजले. खाल्लेलं अंगी लागत नाही. चिमी चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडून माझ्यापाशी येऊन राहिलीय. नको म्हटलं तर ऐकत नाही, हा हट्टीपणा मावशीकडूनच आलाय. तिने खाट खिडकीशी लावून दिलीय, दुर्बीण उशाशी आहे, त्यामुळे माझं बरं चाललंय. कुरण बघायला बोलावते तर म्हणते, सगळी पाखरं सारखीच दिसतात. चष्मे विकणाऱ्या मुलीने असं बोलावं म्हणजे कमाल आहे.

तू निघून ये असं मी म्हणणार नाही. त्यांना टाकून तू कशी येशील? मीच येईन. पाखरं तुझ्याकडे परतली की थंडीत त्यांच्या मागोमाग मी. तुला एकदा डोळे भरून पाहिल्याशिवाय मला जायचं नाही, एवढं खरं. बाकी ठीक.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी अक्का


२ जून

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. डॉक्टरीणबाई गोड बोलल्या म्हणे. अशा दुखण्यातही तुला थट्टा सुचते, धन्य आहे तुझी. औषधं वेळेवर घे आणि चिमीला उगाच पिडू नकोस.

इकडे हे तसेच आहेत. उजवा हात अजून उचलत नाही, जीभ जड आहे, आणि अलीकडे विसरतातही फार. सकाळी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नाही. तुझं मात्र डोक्यात पक्कं बसलंय. तू येणार म्हटल्यापासून रोज चहाच्या वेळी विचारतात, अक्का कधी येणार. नवरोबाचं वाचून दाखवलं तेव्हा हसले. आता अर्धंच तोंड हसतं, पण तेवढंही बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मी यायचा प्रयत्न केला गं. एका बाईला दोन दिवस घरी ठेवून पाहिलं. ह्यांनी तिच्या हातचा घासच घेतला नाही, तोंड मिटून भिंतीकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच म्हणाली, मला हे बघवत नाही. मग मी बॅग पुन्हा माळ्यावर टाकली आणि तिथेच शिडीवर बसून रडले.

किनारा ओस पडलाय. शिवणाचं दुकान उघडण्याआधी ओहोटी असली तर गाळावर एक चक्कर मारते, पण दोन-चार कुरव सोडले तर चिटपाखरू नाही. शाळांच्या गणवेशांचं काम अंगावर आलंय. तरी कोपऱ्यातली खोली रिकामी करायला घेतलीय, तिथून खाडी दिसते. शिलाई मशीन बाहेर आणते. तू फक्त ये.

तुझ्या मायेच्या आधारावर दिवस ढकलतेय, ती कमी पडू देऊ नकोस.

तुझी धाकटी


४ ऑगस्ट

चि. धाकटीस, अ. आ.

अक्षर बघून दचकू नकोस. हात थरथरतो, म्हणून मी सांगते आणि चिमी लिहिते. तब्येत बेताचीच आहे, पण जेवण दोन घास वाढलंय. उशिरा लिहितेय म्हणून रागावू नकोस.

कुरण रिकामं झालं. वाकडी, नवरोबा आणि तिन्ही पिलं गेल्या आठवड्यात एकदमच उडाली. आई पुढे, पिलं तिच्या मागे आणि सगळ्यांत शेवटी बाप. किती सुरेख दिसत होतं म्हणून सांगू. वाट दाखवायला आई पुढे असली की पिलांना भीती कसली? आता पोचतीलच तुझ्याकडे, लक्ष ठेव.

तू मात्र लिहीत राहा. मोठं लिही. तुझं पत्र आलं की घर भरल्यासारखं वाटतं.

माया असू दे.

तुझी अक्का


२२ ऑगस्ट

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चिमीचं अक्षर चांगलं वळणदार आहे, तुझ्यासारखे मुंगळे नाहीत. वाकड्या यायला लागल्या. काल सकाळी खाडीच्या तोंडाशी पाच-सहा जणी गाळात चोची खुपसून उभ्या होत्या. एवढं अंतर कापून आल्यावर तरी जरा बसावं, पण नाही, आल्या आल्या कामाला जुंपल्या.

मोठं लिही म्हणालीस म्हणून आठवेल ते लिहिते. आपण लहान असताना तू मला पहिल्यांदा गाळावर घेऊन गेलीस, तेव्हा माझी नवी चप्पल चिखलात रुतून गेली होती. आपण दोघींनी कोपरापर्यंत हात घालून शोधली, सापडली नाही. मी भोकाड पसरलं. तू तुझ्या चपला माझ्या पायांत घातल्यास, अनवाणी घरी आलीस आणि आईला सांगितलंस की तुझ्याच हरवल्या. पाठीत धपाटे खाल्लेस, पण माझं नाव घेतलं नाहीस. तुझ्या चपला मला इतक्या मोठ्या होत्या की आईला ते कसं दिसलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही. चिमीला ही गोष्ट माहीत नसेल. तिला कळावी असं वाटलं.

हे रोज विचारतात.

माझ्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझी धाकटी


१५ सप्टेंबर

चि. धाकटीस, अ. आ.

चपलांची गोष्ट वाचून आम्ही दोघी खूप हसलो. असं आणखी लिही ना. तू लहानपणी कशी होतीस, मी कशी होते, आपण कशावरून भांडायचो, सगळं लिही. मला विसरायला होतं.

आणि आता आनंदाची बातमी. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. डिसेंबरात मी येतेय. सोबत चिमी असेलच. खोली तयार ठेव, खाट खिडकीशी लाव. त्यांनाही सांग की अक्का नक्की येतेय. आपण तिघी ओहोटीला गाळावर जाऊ.

भेटीपर्यंत लोभ जपून ठेव.

तुझी अक्का


३ ऑक्टोबर

चि. चिमीस, अ. आ.

या वेळी पत्र तुलाच लिहितेय.

बाळ, वाकडी पिलांना घेऊन उडत नाही. पिलं अजून गवतात लपतछपत फिरत असतात, तेव्हाच आई निघून जाते. पिलं उडायला लागेपर्यंत बाप थांबतो, मग तोही जातो. पिलं सगळ्यांत मागून, आपली आपण येतात. वाट दाखवायला कोणी नसतं. तुझ्या आईने किती वर्षं हे त्या खिडकीतून पाहिलं. दर वर्षी वाकडी गेली की मला पत्रातून कळवायची आणि त्या बयेला शिव्या घालायची, की पिलं टाकून हिला जाववतं तरी कसं. तिने सांगितलेलं तू लिहून घेतलं असतंस, तर आई पुढे आणि पिलं मागे असं तुझ्या हातून उतरलंच नसतं.

तुझ्या अक्षरातल्या पहिल्या पत्रातच मला कळलं. अक्का ग्लानीत असेल, म्हणून तू मनाचं लिहिलं असशील, असंही मनाला समजावून पाहिलं. पण मग दोन घास वाढले असं तू का लिहिलं असतंस? पत्र मिटून ठेवलं आणि शिवायला बसले. दोन गणवेशांना बाह्या उलट्या लावल्या, त्या उसवून पुन्हा उलट्याच लावल्या. तरीही मी तुझ्या आईला उत्तर लिहिलं. पाकिटावर तिचं नाव घातलं. तुला फसवायला नाही. एकदा विचारलं की मग ती नसणारच होती, म्हणून विचारलं नाही.

पण तू डिसेंबर लिहिलंस. पत्र आलं तेव्हा हे शेजारीच होते. कोणाचं आणि काय लिहिलंय विचारलं, तेव्हा माझ्याकडून वाचून दाखवलं गेलं. त्यांनी जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी बघते तर डाव्या हाताने तुझ्या आईसाठी रिकामी केलेल्या खोलीच्या खिडकीच्या बिजागऱ्यांना तेल घालत बसलेले. ते मला पाहवलं नाही.

मी तुझ्यावर रागावलेय, चिमे. माझी बहीण गेली आणि मला तिच्यासाठी उघडपणे रडता आलं नाही. कधी गेली, कशी गेली, सगळं लिही. काही गाळू नकोस.

राग आहे, पण लोभही तेवढाच आहे.

मावशी


१८ ऑक्टोबर

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

आई जुलैच्या मध्यावर गेली. सकाळची वेळ होती. तिला खिडकीशी उशीला टेकवून बसवलं होतं. मी गरम पाणी आणायला आत गेले आणि परत आले, तेवढ्यात. दुर्बीण मांडीवरच होती.

शेवटी शेवटी ती मला ओळखत नव्हती. धाकटे अशी हाक मारायची. आधी मी सांगून पाहिलं की मी चिमी आहे, मग ती कावरीबावरी व्हायची. म्हणून मी ओ द्यायला लागले. चपला कुठे टाकल्यास असं पुन्हा पुन्हा विचारायची. मला काहीच उलगडा होईना, मी म्हणायचे, आहेत गं, पायातच आहेत. मग तिला बरं वाटायचं. तुझं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा मला कळलं ती काय विचारत होती. आम्ही हसलो वगैरे काही नाही मावशी. मी एकटीच होते आणि खूप रडले.

तुला कळवायलाच बसले होते. ती. मावशीस असं लिहिलं आणि पुढे हात चालेना. कितीतरी दिवस तो कागद तसाच पडून होता. मग एकदा दुसरा कागद घेतला, त्यावर चि. धाकटीस लिहिलं आणि पुढचं सगळं झरझर उतरत गेलं, जणू तीच सांगतेय. पाखरांचं मी पाहिलंच नव्हतं. आई गेल्यावर त्या खिडकीकडे फिरकलेच नाही. पडदा सारला तेव्हा कुरण रिकामं होतं. सगळी बरोबरच गेली असतील असं मी धरून चालले. आई पिलांना सोडून जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग तुझं उत्तर आलं, आईच्या नावाचं. पोस्टमनने ते हातात दिलं तेव्हा वाटलं, घरात आई आहे, तिला पत्रं येतायत. डिसेंबरचं लिहिताना तर मला खरंच वाटलं की आम्ही निघालोय. काकांच्या तेलाचं वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी चिमी


९ नोव्हेंबर

चि. चिमीस, अ. आ.

तू ओ दिलीस ते फार चांगलं केलंस. ती माझी ओ होती. मी तिथे असायला हवं होतं आणि नव्हते, हे दुःख मला जन्मभर पुरणार आहे, त्यात तुझा काही दोष नाही.

पिलं आली. चोच अजून आखूड आहे, त्यावरून ओळखू येतात. मोठ्या वाकड्या सराईतपणे गाळात चोच खुपसतात, ही आपली इथे टोच, तिथे टोच, हाती काही लागत नाही. पण आली, एवढ्या लांबून आली. मी दुर्बीण लावली आणि सवयीने मनात म्हटलं, अक्काला कळवायला हवं. मग तिथेच खडकावर बसून राहिले. भरती पायांशी आली तरी उठवेना.

तू डिसेंबरात ये. खोली तयार आहे, खाट खिडकीशी लावलीय. विचार करत बसू नकोस, नुसती निघ.

आता ह्यांचं सांगते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी त्यांना जवळ बसवून सांगितलं, अक्का गेली. लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न, अक्का कधी येणार. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तसेच रडले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. त्यानंतर त्यांनी विचारलं तेव्हा मी चहा गाळत होते. तोंडून आपोआप निघून गेलं की निघालीय ती, वाटेत आहे. बरं म्हणाले आणि शांतपणे चहा प्यायले. तेव्हापासून मी रोज हेच सांगते. तेव्हा तुझ्यावरचा राग आता कुठल्या तोंडाने धरू?

आज म्हणाले, फार उशीर झाला तिला. मी म्हटलं, हो, फारच झाला.

तुझ्या आईच्या वाटचा लोभही आता तुझाच.

तुझी मावशी