खुंट्यांमधलं अंतर

निंगबो, चीन, मंगळवार

प्रिय एल्विरा,

मी बरा आहे. सकाळी भाताची पेज मिळते, पोट ठीक आहे. आईचा गुडघा कसा आहे? फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय.

गिटारीच्या तारा ताणायच्या खुंट्यांच्या पट्ट्या तयार झाल्या, दोन हजार जोड. पॉलिश उत्तम. पण आपल्या गिटारींच्या भोकांत त्यांच्या खुंट्या बसणार नाहीत. आपल्या गावी, पाराचोत, आपण दोन भोकांतलं अंतर कडेपासून कडेपर्यंत मोजतो, इथे मध्यापासून मध्यापर्यंत. माझ्या ड्रॉइंगमध्ये अर्धा मिलिमीटरसुद्धा सुटला नव्हता. कुठून मोजायचं तेवढं लिहिलं नाही. आपल्याकडे ते कोण विचारतं?

कारखान्याच्या शेनबाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या आकड्यांपेक्षा केसाचा फरक काढून दाखवा, सगळा माल परत घेते." अर्धा तास मोजत बसलो. फरक नाही.

मी निघण्याआधी आपला कारागीर निकानोर म्हणाला होता, "मालक, ड्रॉइंग एकदा मला दाखवा की." मी म्हटलं, "तू आपला रंधा मार." त्याला सांग, आता एकही भोक पाडू नकोस.

गिटारींच्या जत्रेला पाच आठवडे उरलेत आणि तीनशे गिटारी भोकं पाडून तयार आहेत. लग्नाच्या एकोणीस वर्षांत कामातलं तुला काही विचारलं नाही. आता विचारतो, काय करू?

तुझाच,
अबुंदियो